एकाग्रतेचे ऋण

परळ हे नाव उच्चारले की जुन्या मुंबईकराच्या कानांत प्रथम गिरणीचा भोंगा वाजतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागाचे सारे जीवन त्या भोंग्यावर चाले. पाळी सुटे, पाळी लागे. चाळीच्या जिन्यांवर दिवसरात्र पावले वाजत. एका खोलीत एक बिऱ्हाड, पुष्कळदा एकाहून अधिक. त्याच खोलीत चूल, तेथेच अंथरुणे, तेथेच आजारी माणूस आणि तान्हे मूल. शांतता, स्वतंत्र खोली आणि ठरलेली वेळ ही एकाग्र अभ्यासाची साधने मानली जातात. त्यांपैकी एकही साधन येथे सहज मिळण्याजोगे नव्हते. तरीही महाराष्ट्राने पाहिलेल्या एकाग्रतेच्या फार थोर उदाहरणांपैकी एक याच परळमध्ये घडले. ते उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी, त्यांच्या सामाजिक लढ्याविषयी आणि संविधानातील त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विषय त्याहून लहान आहे. इतक्या गोंगाटात, इतक्या टंचाईत आणि इतक्या अपमानांत एका माणसाचे चित्त वर्षानुवर्षे एका ध्येयावर स्थिर कसे राहिले, आणि त्या स्थिरतेचा खर्च कोणकोणाच्या खात्यावर पडला, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यायचा आहे. एकाग्रतेचे गुणगान करणारी पुस्तके आज दुकानोदुकानी मिळतात. त्या खर्चाचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

रात्री दोनचा अभ्यास

सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त झालेले, कबीरपंथी, शिस्तीचे गृहस्थ. ते साताऱ्याहून मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. धाकटा मुलगा भीमराव पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मन थबकते. सामानसुमानाने भरलेली, धुराने कोंदलेली ती खोली. निजल्या जागी डोक्याशी जाते आणि पायाशी बांधलेली शेळी. अशा जागेत संध्याकाळी अभ्यास करणे शक्यच नव्हते. रामजींनी त्यावर एक उपाय काढला. ते मुलाला लवकर निजवत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास सारे घर आणि चाळ निद्रिस्त झाली की ते मुलाला उठवत. मुलगा काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसे, आणि मग वडील अंग टाकत.

या व्यवस्थेत एक बारीक गोष्ट आहे. त्या काळी गजराचे घड्याळ ही प्रत्येक घरात असणारी वस्तू नव्हती. मुलाला दोनला उठवायचे तर कोणीतरी दोनपर्यंत जागे राहिले पाहिजे, हा सरळ हिशेब होता, आणि तो वडिलांनी आपल्या झोपेतून चुकता केला. पुस्तकांचेही तसेच. मुलाला पुस्तक हवे झाले आणि हातात पैसे नसले, तर रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. कधी त्यांच्याकडून पैसे आणत, तर कधी त्यांचा एखादा दागिना घेऊन तो गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करत. बँकेच्या भाषेत याला तारण म्हणतात. एका मुलाच्या वाचनासाठी बहिणींचे दागिने तारण पडत होते.

घराबाहेरही एक जागा सापडली. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. त्या बागेत नेमाने येणारे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला हेरले, चौकशी केली आणि त्याला वाचायला पुस्तके देण्यास आरंभ केला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही केळुसकरांच्याच पुढाकाराने.

या मॅट्रिकच्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या पालकांनी हा आकडा दोनदा वाचावा. रात्री दोनला उठून केलेल्या त्या अभ्यासाचे तात्काळ फळ एवढेच होते. एकाग्रतेची मुदत ठेव लगेच वटत नाही. त्या वर्षांत जे जमा झाले ते गुण नव्हते. ती बसण्याची सवय होती. पुढे परदेशांतील ग्रंथालयांत हीच सवय चक्रवाढ व्याजासह उपयोगी पडली.

एकाग्रता म्हणजे मर्यादा

जैन वाचकाला एकाग्रतेची कल्पना नवी नाही. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी ध्यानाची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की, अनेक विषयांवर धावणाऱ्या चिंतनाला एका विषयावर रोखणे म्हणजे ध्यान, आणि उत्तम देहबळ असलेल्या साधकालाही ते अंतर्मुहूर्तापर्यंतच टिकते. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे. अंतर्मुहूर्त त्याच्या आतले. सामायिकाची बैठकही दोन घटिकांचीच. मनाची ताकद किती, याचा इतका वास्तव अंदाज बांधणारी ही परंपरा आहे. बारा-बारा तास चित्त एकाग्र राहील, असे आश्वासन ती देत नाही. थोडा वेळ रोखा, सुटले तर पुन्हा रोखा, आणि रोखण्याला अनुकूल असे जीवन आखा, असे ती सांगते.

जीवन आखण्याचे हे काम श्रावकाची व्रते करतात. दिग्व्रतात दिशांची मर्यादा ठरते, देशव्रतात ती आणखी आवळली जाते, परिग्रह-परिमाणात वस्तूंची मर्यादा ठरते. अनर्थदंडव्रतात तर निष्प्रयोजन कृतींचाच त्याग सांगितला आहे. त्याच्या प्रकारांतील अपध्यान म्हणजे दुसऱ्याचे वाईट चिंतत बसणे, दुःश्रुती म्हणजे चित्त मलिन करणारे ऐकणे-वाचणे आणि प्रमादचर्या म्हणजे कारणाशिवाय केलेली हालचाल व मोडतोड. या तिन्ही शब्दांचा अर्थ समजावून सांगण्यासाठी आज उपदेशकाला फार श्रम पडू नयेत. प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर हे तिन्ही प्रकार एका बोटाच्या अंतरावर असतात.

बाबासाहेबांचा मार्ग स्वतंत्र होता. १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या चरित्रावर दुसऱ्या परंपरेची मोहर उमटवण्याचे कारण नाही. परंतु मर्यादा घालून घेण्याचे जे सामर्थ्य जैन श्रावक व्रतांच्या रूपाने ओळखतो, तेच या चरित्रात पदोपदी दिसते, एवढे मात्र म्हणता येते.

१९१३ मध्ये ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिले काही महिने त्या मोकळ्या वातावरणात त्यांचेही मन इकडेतिकडे रमले, असे चरित्रकार सांगतात. मग त्यांनी स्वतःला प्रश्न विचारला आणि अभ्यासाला वाहून घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. एकाग्रता त्यांना जन्मजात मिळालेली देणगी नव्हती. ती ठरवून घेतलेली, मोडलेली आणि पुन्हा ठरवलेली गोष्ट होती. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले आणि शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय अभ्यासले. खर्च टाळून जे वाचे, ते घरी जाई किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून १९१७ मध्ये परत यावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम होती. परळहून चांगल्या वस्तीत जाणे त्यांना अशक्य नव्हते. पण ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बी.आय.टी.च्या चाळीतच राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या सुधारणेसाठी १८९८ मध्ये जो ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेल्या या चाळी. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ या दोन खोल्या आंबेडकर कुटुंबाकडे होत्या, आणि १९१२ ते १९३४ हा सुमारे बावीस वर्षांचा काळ त्या पत्त्याशी जोडलेला आहे. वेतनातील ठरावीक रक्कम घरखर्चासाठी पत्नी रमाबाईंच्या हाती जाई आणि उरलेली लंडनच्या अपुऱ्या अभ्यासासाठी साठे. उत्पन्न वाढले, गरजा वाढल्या नाहीत. परिग्रह-परिमाणाचे याहून स्वच्छ उदाहरण गृहस्थाश्रमात शोधावे लागेल.

१९२० मध्ये स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर ते पुन्हा लंडनला गेले. तेथील दिनक्रमाची वर्णने प्रसिद्ध आहेत. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जायचे, दुपारच्या जेवणाला फाटा द्यायचा आणि बंद होण्याच्या वेळी शेवटी बाहेर पडायचे. रात्री पुन्हा वाचन. भूक अनावर झाली की कुणा परिचिताने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. सोबत राहणाऱ्या मित्राने रात्री झोपण्याचा आग्रह केला, तर आपल्याजवळ अन्नासाठी पैसा नाही आणि झोपेसाठी वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळे.

त्या काळात लिहिलेला त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. १८९३ पर्यंत कोणीही चांदी आणून टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी टांकसाळी जनतेसाठी बंद झाल्या आणि रुपये किती पाडायचे हे सरकारच्या हाती आले. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका येथे होता. चलनाची किंमत टिकवायची तर त्याच्या पुरवठ्याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा चालकांच्या मर्जीवर सोपवलेली नसावी. म्हणून टांकसाळी जनतेप्रमाणे सरकारसाठीही बंद कराव्यात, असे त्यांनी सुचवले. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तीही याच भूमिकेतून. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

हा अर्थशास्त्राचा सिद्धांत चित्तालाही लागू पडतो. माणसाचे अवधान हेही एक चलन आहे. ते ज्याला त्याला, जेव्हा तेव्हा, मागेल तितके देत गेले तर त्याची किंमत घसरते. मग महत्त्वाच्या कामाला देण्यासाठी जे उरते, त्याने काहीच विकत घेता येत नाही. आणि मर्यादा घालायचे ठरवले तरी ती रोजच्या मर्जीवर ठेवली तर टिकत नाही. आज कंटाळा आला, आज सण आहे, आज एकदाच पाहू, अशा सवलती निघत राहतात. व्रत म्हणजे मर्जीवर न सोपवलेली मर्यादा. ती आधीच घातलेली असते, म्हणूनच ऐन मोहाच्या क्षणी मनाला वाद घालावा लागत नाही.

अपमान नावाचा व्यत्यय

व्यत्यय म्हटले की आवाज, गर्दी, करमणूक डोळ्यांपुढे येतात. भीमरावांच्या वाटेतील सर्वांत मोठा व्यत्यय याहून निराळा होता. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना एकदा फळ्यावर गणित सोडवण्यास बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातील मुलांनी धावत जाऊन ते उचलले. परदेशी पदव्या घेऊन १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात आश्रय घेतला, तेथून त्यांना घालवून देण्यात आले. सिडनहॅममध्ये प्राध्यापक म्हणून गेल्यावरही सामाईक भांड्यातील पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

गोंगाट थांबला की गोंगाटाचा त्रास संपतो. अपमान मात्र प्रसंग संपल्यावर सुरू होतो. पुस्तकाच्या प्रत्येक ओळीआड तो उभा राहतो. जैन शास्त्राने ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिले दोन त्याज्य मानले आहेत. दुःखाचा विषय मनात घोळवत राहणे हे आर्तध्यान, सूडाचा विषय घोळवत राहणे हे रौद्रध्यान. म्हणजे एकाग्रता ही आपोआप सद्गुण ठरत नाही. पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळाही एकाग्रच असतो. मराठीने त्याच्या ध्यानाला बकध्यान म्हणून त्याची योग्यता ठरवून टाकली आहे. चित्त कशावर स्थिर झाले आहे, यावर त्या स्थिरतेचे मूल्य ठरते.

बाबासाहेबांनी अपमान विसरला, असे म्हणणे खोटे ठरेल. विसरावा असा तो नव्हताच. त्यांनी त्याचा अभ्यास केला. जात ही संस्था कशी उत्पन्न झाली, ती कशी टिकते, याचा शोध घेणारा निबंध त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया येथे वाचला. जे दुःख व्यक्तीला आतून पोखरू शकले असते, ते त्यांनी समोर मेजावर ठेवून तपासले. चित्त विचलित करणारी गोष्टच चिंतनाचा विषय झाली. ज्यांच्या वाट्याला अशा जखमा आल्या नाहीत, त्यांनी एवढे तरी समजून घ्यावे की, एखादे मूल अभ्यासात लक्ष देत नाही तेव्हा कारण प्रत्येक वेळी आळस नसते. त्या मुलाला कोणी काय बोलले आहे, हे आधी विचारावे.

खर्चाची बाजू

बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांपैकी एकीत संसार चाले आणि दुसरीत वाचन. पुस्तकांच्या खोलीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. संसाराच्या खोलीची गोष्ट रमाबाईंची आहे. पती अमेरिकेत आणि लंडनमध्ये असताना घर त्यांनी सांभाळले, तेही अत्यंत तुटपुंज्या पैशांत. सासरे रामजी १९१३ च्या फेब्रुवारीत गेले होते. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. एका खोलीत जगाच्या अर्थव्यवस्थेचा विचार चाले आणि समोरच्या खोलीत उद्याच्या पिठाचा. दोन्ही विचार सारखेच एकाग्र होते. फरक इतकाच की पहिल्यातून ग्रंथ झाला आणि दुसऱ्यातून तो ग्रंथ लिहिणारा माणूस जगला.

एकाग्र माणूस घरात असला की घरातील इतरांना दोन माणसांचे काम करावे लागते, हे सत्य त्या घरातील स्त्रिया जाणतात. त्या हे बोलत नाहीत, म्हणून ते हिशेबात येत नाही. साधूच्या ध्यानासाठी श्रावक आहार देतो, तेव्हा दान देणारा आणि घेणारा दोघेही त्या साधनेचे भागीदार ठरतात, अशी जैन समाजाची श्रद्धा आहे. चातुर्मासात हे ऋण सारा संघ जाणतो. गृहस्थाच्या घरातील साधनेला मात्र हा न्याय क्वचितच लावला जातो.

बाबासाहेबांनी तो लावला, आणि तो छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ग्रंथाचे अर्पणपत्र हे पान पुष्कळ वाचक उलटून पुढे जातात. पण त्यांच्या तीन ग्रंथांची अर्पणपत्रे एकापाठोपाठ एक वाचली तर ते एक ऋणखातेच वाटते. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ डिसेंबर १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रबंधाच्या मूळ स्वरूपाला लंडनच्या परीक्षकांनी हरकत घेतल्यामुळे मायदेशी परतल्यावर मुंबईत बसून त्याची फेरमांडणी करावी लागली होती. तो ग्रंथ त्यांनी आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा व दाखवलेल्या जाणतेपणाचा कृतज्ञ उल्लेख केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९४० च्या सुमारास निघाला. तो त्यांच्या स्मृतीस अर्पण करताना हालअपेष्टांच्या, मित्रहीन दिवसांत त्यांनी दाखवलेल्या धीराचा आणि सोबत सोसण्याच्या तयारीचा उल्लेख केला. रुपयाच्या अभ्यासकाने आपल्या आयुष्यातील देणी अशी नावानिशी नोंदवून ठेवली आहेत.

उघडे दार

एकाग्रतेचा एक दुष्परिणाम असा की, माणूस दार लावायला शिकतो आणि पुढे ते उघडायचे विसरतो. परीक्षा संपते, पद मिळते, पण कोणी भेटायला आले की कपाळाला आठी पडते. परळचे उदाहरण येथेही मार्ग दाखवते. अभ्यास पूर्ण करून परतल्यावर वर्षभरातच, ९ मार्च १९२४ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरी त्याच दामोदर हॉलमध्ये होती. तेथे गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या गोरगरिबांची रीघ लागे. उपजीविकेसाठी वकिली होती. शिवाय १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन होते. ज्या माणसाने लंडनमध्ये झोपेलाही वेळ दिला नव्हता, तो आता अडल्यानडलेल्यांना वेळ देत होता.

यात विसंगती नाही. चित्त ज्यासाठी राखून ठेवले होते, तेच आता समोर येऊन बसले होते. पुढे संविधानाच्या मसुदा समितीतील सदस्य एकेक करून निरनिराळ्या कारणांनी कामातून दूर झाले आणि अखेर भार एकट्या आंबेडकरांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. रॉकेलच्या दिव्यापाशी लागलेली बसण्याची सवय त्या दिवसांत देशाच्या उपयोगी पडली.

आजचे घर

आज परळमध्ये भोंगा वाजत नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. ज्यांच्या वडिलांना एक खोली होती, त्यांच्या नातवंडांना दार असलेली, वातानुकूलित खोली मिळते. शेळी नाही, जाते नाही, धूर नाही. तरी अभ्यासाला बसलेले मूल दर पाच मिनिटांनी मोबाइल उचलते आणि आईवडील बाहेरच्या खोलीत त्याच्या चंचलतेबद्दल तक्रार करत स्वतःचे मोबाइल पाहत असतात. पूर्वी व्यत्यय बाहेरून येत असे आणि घर त्याच्याशी झुंजत असे. आता व्यत्यय घरानेच विकत आणला आहे, आणि त्याचे मासिक शुल्कही घरच भरते.

अशा घरासाठी रामजी सकपाळांचा उपाय अजून जुना झालेला नाही. मुलाला दोनला उठवणारा पिता आधी स्वतः दोनपर्यंत जागत होता. सार इतकेच की, मर्यादा सांगणाऱ्याने ती आधी पाळावी. मुलाच्या अभ्यासाच्या वेळेत घरातील सर्वांचे मोबाइल एका डब्यात ठेवले गेले आणि थोरांनीही त्या ४८ मिनिटांत सामायिक केले किंवा एखादे पुस्तक उघडले, तर मुलाला एकाग्रतेवर व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही. ४८ मिनिटे हे प्रमाण पूर्वजांनी अनुभवाने ठरवले आहे. एका बैठकीत तेवढे साधले तरी पुष्कळ. ती बैठक रोज त्याच वेळी आणि कोणाच्याही मर्जीवर न सोपवता व्हावी, एवढी अट मात्र हवी.

आणखी एक गोष्ट घरातील थोरांनी स्वतःला विचारावी. घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील, तर शांत खोली कोणाला मिळते? पाहुणे आले की पुस्तक मिटून कोणाला उठावे लागते? सी.ए. किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसलेल्या मुलापुढे चहाचा कप नेऊन ठेवणाऱ्या बहिणीचाही उद्या पेपर असतो. एकाची एकाग्रता दुसऱ्याच्या नकळत त्याच्याकडून वसूल होत असेल, तर ते ऋण नव्हे; ती उचल आहे, आणि ती कधी ना कधी फेडावी लागते.

यश मिळाल्यावर आभार मानण्याची रीत सर्वत्र आहे. पेढे वाटले जातात, मंदिरात पूजा होते, मासिकात छायाचित्र येते. त्या छायाचित्राखाली गुणांच्या आकड्यासोबत आणखी एक ओळ छापावी. या मुलासाठी किंवा या मुलीसाठी रात्री कोण जागले, कोणाचा दागिना गहाण पडला, कोणी आपली खोली दिली, त्यांची नावे. ही ओळ लिहिता येण्यासाठी यशस्वी माणसाला ती नावे ठाऊक असावी लागतात, आणि ती ठाऊक असण्यासाठी पुस्तकातून मान वर करून कधीतरी समोरच्या खोलीकडे पाहावे लागते.